पिंप माळ्यावरचं, आटे अमेरिकेतले

प्रश्न : दादा, नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. माझा पुतण्या काही वर्षं अमेरिकेत, मिनेसोटात होता. तिथं त्याला घरी बिअर करायचा छंद लागला. परत येताना घरसामानाबरोबर त्यानं स्टीलचं एक उभं पिंप आणलं. आता तो बेंगळुरूला असतो आणि पिंप आमच्या माळ्यावर. घरात कुणी पीत नाही, पण यात सोडा उत्तम होतो असं पुतण्या सांगतो. सुट्टीत नातवंडांना घरचा कोकम-सोडा, आलं-लिंबू सोडा करून द्यावा असं फार मनात आहे.

पिंपाची उंची साधारण २५ इंच, रुंदी साडेआठ इंच. वरच्या कडेला काळं रबर, त्यालाच दोन मुठी. मधे लंबगोल झाकण, झाकणावर ओढायची छोटी रिंग. झाकणाच्या दोन्ही बाजूंना एकेक तोंड आहे. एका तोंडावर स्टीलचं षटकोनी बोंड आहे, त्याच्या कोपऱ्यांवर बारीक खाचा पाडल्यात. दुसऱ्याचं बोंड हरवलंय, नुसते आटे दिसतात. आतली लांब नळी मात्र आहे. अंगावरचा ठप्पा झिजलाय, त्यातलं ‘सुपर’ आणि ‘१३० पीएसआय’ एवढंच लागतं. शेजारच्या मुलानं व्हर्नियर लावून आट्यांचं बाहेरचं माप १५ मिलिमीटरला किंचित कमी भरतं असं सांगितलं. उद्यमनगरात एका टर्नरला दाखवलं. तो म्हणाला, असले आटे इथं चालत नाहीत, कापून दोन सुती बीएसपी करतो आणि पितळेचा नळ बसवून देतो. करून घेऊ का? हे पिंप नक्की कुठलं? त्याचे भाग मिळतील का?

उत्तर : ताई, आधी त्या टर्नरला फोन करून थांबायला सांगा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

या पिंपाची रबरं, स्प्रिंगा, बोंडं, नळ्या, अगदी झाकणसुद्धा नवीन मिळतं. गळ्यावरचे, म्हणजे बोंड बसतं त्या तोंडावरचे, आटे मात्र पिंपाबरोबर एकदाच येतात. ते कापले की जगातलं कुठलंही तयार बोंड त्यावर बसणार नाही, आणि मग सुटे भाग शोधण्यात काही अर्थच राहत नाही. शिवाय तो गळा पोकळ असतो, आतून लांब नळी जाते. १५ मिलिमीटरवरून दोन सुती बीएसपीला, म्हणजे आपल्याकडच्या पाव इंची पाइपाच्या आट्यांना, यायचं तर बाहेरचं माप १३ मिलिमीटरवर उतरवावं लागतं, आणि आट्यांच्या बुडाशी आणखी खोल. नळीभोवती उरलेली भिंत इतकी पातळ होते, की दाबाच्या भांड्याला ती मी ठेवू देणार नाही.

आता ओळख. हे पिंप मुळात बिअरसाठी जन्मलेलंच नाही. अमेरिकेत शीतपेयांच्या फाउंटन मशीनला पाक पुरवायला अशी पिंपं असायची. वरून गॅसचा दाब द्यायचा, खालून नळीनं पाक मशीनकडं जायचा. हॉटेलवाल्यानं रिकामं पिंप परत द्यायचं, भरलेलं घ्यायचं. कॉर्नेलियस ही मिनेसोटातलीच कंपनी, तिच्या नावावरून तिकडं या सगळ्या जातीलाच ‘कॉर्नी केग’ म्हणतात. फायरस्टोन, म्हणजे टायरवाले फायरस्टोनच, तेही अशी पिंपं करत. जॉन वूड हे आणखी एक नाव. पुढं पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून यायला लागला, तसे पिंपांचे ढीग गोदामात पडून राहिले. १९७८ साली अमेरिकी केंद्र सरकारनं घरी बिअर करायला कायद्यानं मोकळीक दिली होती, त्यामुळं हौशी मंडळी वाढत चालली होती. त्यांनी ही पिंपं स्वस्तात उचलली. तुमच्या पुतण्याच्या हाती त्यातलंच एक आलं असणार.

आपल्याकडं पेप्सी १९९० साली आली आणि १९७७ ला गेलेली कोका-कोला १९९३ ला परत आली. त्यानंतरच्या काळात मी फाउंटन मशीनच्या देखभालीची कामं करत होतो, तेव्हा ही पिंपं हाताळली. त्यांची दोन घराणी आहेत, आणि सुटे भाग मागवण्याआधी आपलं पिंप कुठल्या घराण्यातलं ते कळलंच पाहिजे. पेप्सीच्या बाजूची पिंपं ‘बॉल लॉक’ : षटकोनाच्या वर बोंड गुळगुळीत, भोवती एक खाच, त्या खाचेत पाइपाच्या टोकाला असलेल्या जोडणीतल्या बारीक गोळ्या बसतात. कोकच्या बाजूची ‘पिन लॉक’ : बोंडातून आडव्या खुंट्या बाहेर आलेल्या. पिन लॉक बुटकं आणि रुंद असतं, उंची साधारण २२-२३ इंच, रुंदी ९ इंच. तुमचं २५ आणि साडेआठ. खुंट्यांचा उल्लेख तुम्ही केलेला नाही आणि झाकणावर रिंग आहे म्हणता. तुमचं पिंप बॉल लॉक, यात मला शंका नाही.

षटकोनाच्या कोपऱ्यांवरच्या खाचा तुम्ही टिपल्यात, फार बरं केलंत. त्या खाचा म्हणजे ‘इथून गॅस आत’ ही खूण. म्हणजे तुमच्याकडं आहे ते गॅसचं बोंड, आणि हरवलंय ते पेय बाहेर येण्याचं. मागवताना ‘बॉल लॉक, लिक्विड पोस्ट’ असंच सांगा. दोन्ही बोंडं लांबून सारखी दिसतात, पण मापात केसभर फरक असतो. गॅसची जोडणी पेयाच्या बोंडावर जोर करून दाबली तर ती अशी अडकते की पाना-पकड घेऊन बसावं लागतं. प्लास्टिकच्या जोडण्यांत रंगावरून कळतं : करडी गॅसची, काळी पेयाची.

आता आट्यांकडं येऊ, कारण सगळं घोडं तिथंच अडतं.

या पिंपांच्या गळ्यावर मुख्यतः तीन मापं सापडतात : १९/३२ इंच, ९/१६ इंच आणि ५/८ इंच. तिन्हींत एका इंचात १८ आटे. मिलिमीटरमध्ये १५.०८, १४.२९ आणि १५.८८. बाहेरचे आटे व्हर्नियरला नाममात्र मापापेक्षा किंचित कमीच भरतात, म्हणून १५ ला थोडं कमी हे १९/३२ चं लक्षण. ९/१६ असतं तर १४.३ च्या वर काटा गेलाच नसता. ठप्प्यावरचं ‘सुपर’ही याला जुळतं, कॉर्नेलियसच्या ‘सुपर चँपियन’ पिंपावर १९/३२ चेच आटे असतात. तरी झिजलेल्या नावापेक्षा मी व्हर्नियरवर जास्त विसंबतो. कुणीतरी मधे बोंडं बदलली असतील, झाकण दुसऱ्या पिंपाचं असेल, असं या जुन्या मालात सर्रास होतं. गळा मात्र बदलत नाही.

एक पडताळा करून घ्या. उद्यमनगरात कुठल्याही टूलरूममध्ये पिच गेज असतं, पात्यांचा जुडगा. त्यातलं १८ चं पातं आट्यांवर ठेवा आणि उजेडाकडं धरून बघा. पातं दातादातांत बसलं, मधून उजेड दिसला नाही, की काम झालं. १९ चं पातं लावलं तर पहिले दोन-तीन दात बसल्यासारखे वाटतात, मग पातं हळूहळू वर चढतं. आपल्याकडच्या दोन सुती आणि तीन सुती बीएसपीला इंचात १९ आटे असतात, आणि त्यांच्या दाताचा कोन ५५ अंशांचा. या पिंपाचा कोन ६० अंशांचा. म्हणून बीएसपीची वस्तू दोन फेरे फिरते, बसल्यासारखी वाटते, आणि तिसऱ्या फेऱ्याला पाना लावला की आटे खाते. ५/८ च्या पिंपाची वेगळीच फसगत होते : कारागीर त्याला १६ मिलिमीटर दीड पिच, म्हणजे दर दीड मिलिमीटरला एक आटा, असं समजतो. तेही तसंच, सुरुवातीला गोड आणि पुढं घात.

टर्नर बोलला त्यात तथ्य आहे. ९/१६ आणि ५/८ ला १८ आटे हे प्रमाण माप आहे, त्याचे टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, दुकानात मिळतात. १९/३२ हे आडमाप. त्याचा टॅप सहसा कुणाच्या पेटीत नसतो. पण लेथवर इंचात १८ आटे काढता येतात, त्याला टॅप लागत नाही. मग नवीन बोंडच उद्यमनगरात करून घ्यावं का, असं तुमच्या मनात येईल. ऑइल इंजिनं जिथं घडली त्या उद्यमनगरातल्या हातांवर माझा पुरा विश्वास आहे, तरी इथं मी नको म्हणेन. बोंडाच्या बाहेरची खाच, वरच्या रबराची चर, आतली झडप बसायची जागा, हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं, आणि नमुना म्हणून तुमच्याकडं फक्त गॅसचं बोंड आहे, पेयाचं नाही. कारखान्यातलं बोंड मागवा. टर्नरकडून एवढंच करून घ्या : गळ्यावरच्या आट्यांत कुठं दात दबलेला असेल तर थ्रेड फाइलनं हलक्या हातानं साफ करायचा. धातू काढायचा नाही, नुसती वाट मोकळी करायची.

पितळेचा नळ तर अजिबात नको. सोडा म्हणजे सौम्य आम्ल. पितळ-तांब्याला तो तासन् तास लागून राहिला की तांबं पेयात उतरतं, आणि ते पोटाला वाईट. लहान मुलं पिणार आहेत म्हणता, म्हणून हे जरा ठासून लिहितो. पेय जिथून जिथून जाणार तिथं स्टेनलेस किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक, दुसरं काही नाही.

गॅसच्या बाजूला मात्र पितळ चालतं, आणि तिथं एक सोय आपल्या दारातच आहे. जोडण्या दोन तऱ्हेच्या मिळतात : एकीला रबरी पाइप खोचायचा काटेरी टोक असतं, दुसरीला आट्यांचं ‘पाव इंची फ्लेअर’ टोक. हे फ्लेअर म्हणजे फ्रीज आणि एसीवाले वापरतात तेच, ७/१६ ला २० आटे. त्यामुळं गॅसच्या बाजूचा नट परदेशातून मागवायची गरज नाही, फ्रीजच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळेल. फक्त पिंप आडवं करू नका आणि गॅसच्या छोट्या नळीपर्यंत पाणी भरू नका, म्हणजे सोडा उलटा त्या पितळेकडं जाणार नाही.

बोंड कुठं मिळेल? कोल्हापूरच्या बाजारात तयार मिळेल अशी आशा धरून हिंडू नका. पुण्यात आणि बेंगळुरूत मायक्रोब्रुअरी बऱ्याच आहेत, त्यांना नळ आणि पिंपांचं सामान पुरवणाऱ्यांकडं बॉल लॉकच्या वस्तू असतात. तुमचा पुतण्या बेंगळुरूलाच आहे, त्यालाच कामाला लावा. ऑनलाइनही मिळतात. विचारताना ‘कॉर्नी केगचं बोंड द्या’ एवढंच म्हणू नका. ‘बॉल लॉक, लिक्विड, १९/३२, १८ आटे, आतल्या झडपेसह’ असं पूर्ण सांगा आणि समोरच्याकडून आट्यांचं माप लेखी घ्या. ‘सगळ्याला बसतं’ असं सांगून विकलेलं बोंड बसलं नाही की ते पडूनच राहतं. आतली झडप, म्हणजे स्प्रिंगवरची छोटी घुंडी, प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते. तिच्यात मात्र बहुतेकांना चालणारा एक प्रकार खरंच मिळतो. ती दोन मागवा, गॅसच्या बाजूचीही बदला.

रबरं सगळी बदला, चांगली दिसली तरी. झाकणाखालचं मोठं, दोन्ही बोंडांवरची दोन, आणि दोन्ही नळ्यांच्या कॉलरखालची दोन. शेवटची दोन लोक विसरतात, कारण बोंड काढून नळी उचलल्याशिवाय ती दिसतच नाहीत. गळ्यापाशी गॅस थोपवायचं काम तीच करतात. आटे फक्त आवळून धरतात. म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेपमुळं बोंड पुरतं खाली बसत नाही आणि रबर दबत नाही. जुनी रबरं सोबत घेऊन उद्यमनगरातल्या ऑइल सील आणि ओ-रिंगच्या दुकानात जा, जाडी आणि व्यास जुळवून घ्या, आणि ‘फूड ग्रेड’ असं स्पष्ट मागा. बाकी चार तिथं मिळतील. झाकणाचं मोठं रबर बोंडाबरोबर मागवलेलं बरं. अशा पिंपात वर्षानुवर्षं पाक भरलेला असतो, त्याचा वास रबरातच मुरतो. रबरं गेली की वासही बराचसा जातो.

पिंप उघडताना आधी झाकणावरची रिंग ओढून धरा, फुस्स आवाज पूर्ण थांबू दे. माळ्यावर इतकी वर्षं पडलंय म्हणून दाब नसेल असं धरून चालू नका. मगच पाना. पाना इंचातला, नीट बसणारा रिंग किंवा बॉक्स पाना. पाइप पान्यानं षटकोन सोलवटतो.

गॅसचं थोडक्यात सांगतो. सिलिंडर कार्बन डायऑक्साइडचा, आणि पुरवठादाराकडून खाण्यापिण्याच्या दर्जाचा मागून घ्यायचा, वेल्डिंगचा नको. रेग्युलेटरशिवाय एक क्षणही जोडायचं नाही. पिंपावर १३० पीएसआय लिहिलंय, म्हणजे साधारण ९ बार, ती त्याची कमाल मर्यादा. उन्हाळ्यात भरलेल्या सिलिंडरमध्ये ७० बारच्या घरात दाब असतो. मधे रेग्युलेटर नसेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. सिलिंडर उभा, भिंतीला साखळीनं बांधलेला, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या. हा गॅस जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत जीव गुदमरवतो.

सोड्याला ३० पीएसआय पुरतात, पण पाणी गार हवं. चार अंशांच्या पाण्यात जेवढा गॅस मुरतो त्याच्या निम्म्याच्या आसपासच तो पंचवीस अंशांच्या पाण्यात मुरतो. एप्रिलमध्ये माठातलं पाणी भरून ‘सोडा चढत नाही’ म्हणू नका. एवढं उंच पिंप घरच्या फ्रीजमध्ये कप्पे काढल्याशिवाय मावणार नाही. मोठ्या टबात बर्फ घालून त्यात उभं करा. आणि पिंपात नुसता सोडाच करा. कोकमाचं आगळ, आल्याचा रस, गूळ हे पेल्यात. पिंपात पाक गेला की झडपा चिकटतात, चोथा नळीत अडकतो, आणि दर वेळी सगळं खोलून धुवावं लागतं.

पुतण्या सुट्टीला आला आणि जुना छंद आठवला, तर त्याला एवढं सांगून ठेवा : अमेरिकेत चालतं ते इथं चालत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं त्यात गुन्हा आहे.

प्रश्न : काका, मी इचलकरंजीचा. बॉल लॉक पिंप घेतलंय, सगळी रबरं नवीन घातली. गार पाणी भरून ३० पीएसआय दाब दिला, सिलिंडर बंद करून झोपलो. सकाळी काटा दहावर. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडा कुठंच नाही. गॅस जातो कुठं?

उत्तर : पाण्यात जातो बाळा, आणि तो तिथं जावा म्हणूनच आपण देतो. सिलिंडर बंद केलास की पिंपातल्या वरच्या मोकळ्या जागेतला गॅस पाण्यात मुरत राहतो आणि काटा खाली येतो. त्याला गळती म्हणत नाहीत. सोडा होईपर्यंत रेग्युलेटर ३० वर ठेवून सिलिंडर चालू ठेव. दोन-तीन दिवसांत पाणी पोटभर गॅस घेतं, मग सिलिंडर बंद केलास तरी काटा हलत नाही.

गळती खरोखर तपासायची असेल तर रिकामं पिंप घे, ३० चा दाब दे, गॅसची जोडणी काढून टाक आणि रात्रभर ठेव. सकाळी जोडणी परत लावताना सिलिंडर बंदच ठेव आणि काटा कितीवर उभा राहतो ते बघ. नळीत थोडा गॅस जाईल, तेवढी घट सोडून दे. जास्त पडला तर साबण घे. झाकणाच्या कडेनं गळत असेल तर दाब सोडून झाकण काढ, रबराला खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस बोटानं पुसटसं लाव, झाकण थोडं फिरवून परत बसव आणि एकदम ३० चा दाब दे. लंबगोल झाकण आतून वर दाबलं जाऊन बसतं. पाच-सात पीएसआयवर ते नीट चिकटतच नाही. व्हॅसलिन लावू नकोस. ईपीडीएम जातीचं रबर पेट्रोलियमनं फुगतं आणि मऊ पडतं, आणि आपल्या हातात कुठल्या जातीचं रबर आहे हे बघून कळत नाही.

प्रश्न : गडहिंग्लजहून लिहितोय. भंगारातून एक बुटकं पिंप मिळालं. एका बोंडाला दोन खुंट्या, दुसऱ्याला तीन. झाकणावर रिंग नाही. करड्या-काळ्या बॉल लॉक जोडण्या आणल्या तर बसत नाहीत. खुंट्या कापून टाकल्या तर बसतील का?

उत्तर : नाही बसणार, आणि बोंडही वाया जाईल. तुमचं पिन लॉक आहे. दोन खुंट्यांचं गॅसचं, तीन खुंट्यांचं पेयाचं. चुकून उलटं लागू नये म्हणूनच खुंट्यांची संख्या वेगळी ठेवली आहे. पिन लॉकच्या जोडण्या वेगळ्या मिळतात, त्या घ्या. जोडण्या आधीच आणल्यात आणि त्याच वापरायच्या असतील, तर पिन लॉकच्या गळ्यावर बसणारी बॉल लॉक बोंडंही मिळतात, पण ती घेतानाही वर ताईंना सांगितलं तसं आट्यांचं माप आधी. पिन लॉक पिंपं सगळी एका मापाची नसतात.

मला जास्त काळजी झाकणाची वाटते. रिंग नाही म्हणजे हातानं दाब सोडायची सोय नाही. बॉल लॉकचं रिंगवालं झाकण पिन लॉक पिंपाच्या लंबगोल तोंडात बहुधा बसतं. पिंपाचं तोंड मोजा, विकणाऱ्याला माप कळवा आणि तेच घ्या. ते येईपर्यंत दाब सोडायचा तर गॅसच्या बोंडातली झडप जाड कापडातून स्क्रू ड्रायव्हरनं हळू दाबायची, आपलं तोंड बाजूला ठेवून. पूर्ण रिकामं झाल्याशिवाय बोंडाला पाना लावू नका. भंगारातलं पिंप आहे, आधी काय भरलं होतं ते विकणाऱ्याला विचारा. औषध फवारणीचं किंवा रसायनाचं असेल तर ते पिण्यासाठी वापरूच नका, कितीही धुतलं तरी.

प्रश्न : दादा, सिलिंडर घेण्याऐवजी पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा भरली तर सोडा होईल का? (शिरोली)

उत्तर : होणार नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो, त्यामुळं चव येत नाही. त्या हवेत कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश असतो, तो पाण्यात उतरतो. आणि असा कॉम्प्रेसर पिंपाच्या मर्यादेपलीकडं दाब देऊ शकतो.

प्रश्न : आमच्या पिंपाच्या आत तपकिरी ठिपके आलेत. संडास धुवायच्या ॲसिडनं घासलं तर ठिपके वाढले. स्टेनलेस गंजतं कसं? आता काय करू? (गंगावेश)

उत्तर : त्या ॲसिडमुळंच. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि त्यातलं क्लोराइड हेच स्टेनलेसचं सगळ्यात मोठं वैरी. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो आहे तोवर गंज चढत नाही. क्लोराइड त्या थराला जागोजाग भोकं पाडतं आणि खाली खड्डे खणत जातं. ब्लीचिंग आणि मिठाचं पाणी पिंपात भरून ठेवलं तरी तेच होतं. लोखंडी तारेच्या घासणीनंही घासू नका. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजतात. तुमचे काही ठिपके त्यातलेही असू शकतील.

भरपूर साध्या पाण्यानं पिंप विसळून घ्या. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, नायलॉनच्या ब्रशनं घासा, पुन्हा विसळा. त्यानंतर किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, म्हणजे सायट्रिक आम्ल, त्याचं गरम पाण्यातलं द्रावण भरून रात्रभर ठेवा. सकाळी विसळून, झाकण काढून, उलटं करून कोरडं होऊ द्या. वरवरचा गंज असेल तर एवढ्यानं निघतो, आणि कोरड्या हवेत तो थर आपोआप परत धरतो. ॲसिडच्या वेळी रबरं आतच असतील तर तीही बदला.

मग उजेडात हात घालून ठिपक्यांवरून नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर पिंप वापरात घ्या. नख अडकलं, खड्डा लागला, तर त्या पिंपात पुन्हा दाब देऊ नका. दूध संघांची स्टीलची कामं करणारे चांगले टिग वेल्डर आपल्याकडं आहेत, पण दाबाच्या पातळ भांड्याला ठिकठिकाणी टाके मारून ते पूर्ववत होत नाही. त्याची बोंडं, झडपा, झाकण, नळ्या काढून ठेवा आणि आट्यांचं माप चिठ्ठीवर लिहून त्याच पिशवीत टाका. राजारामपुरीच्या ताईंना लागणारं पेयाचं बोंड कदाचित तुमच्याकडंच असेल. माप १९/३२ भरलं तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, मी त्यांच्यापर्यंत पोचवतो.